वाऱ्याला रंग देणारे अग्निबाण

जमिनीपासून ८० ते २०० किलोमीटर उंचीवर वारा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वाहतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणालाही नीट सांगता येत नव्हते. हवामान खात्याचे फुगे तीस-पस्तीस किलोमीटर चढून फुटतात. कृत्रिम उपग्रह दीडशे किलोमीटरच्या खाली फार काळ तग धरत नाही, कारण तिथली विरळ हवाही त्याला ओढून खाली आणते. फुग्याला फार उंच आणि उपग्रहाला फार खाली अशा या मधल्या पट्ट्यात मध्यांबराचा वरचा भाग, उष्णांबराची सुरुवात आणि रेडिओलहरी परतवणारे आयनांबर येते. ध्रुवीय प्रकाश इथेच पेटतो आणि उल्का इथेच जळतात. या पट्ट्यात जाऊ शकणारे वाहन एकच, अग्निबाण. पण तोही काही मिनिटांत वर जाऊन खाली येतो, आणि त्याचा स्वतःचा वेग इतका असतो की भोवतालच्या हवेची चाल त्याला अंगावर जाणवत नाही.

निसर्गाने एक वाट दाखवून ठेवली होती. मोठी उल्का जळून गेल्यावर कधी कधी तिच्या मार्गावर एक अंधुक रेघ काही मिनिटे रेंगाळते. ही रेघ सरळ राहत नाही. पाहता पाहता ती वाकते आणि नागमोडी होते, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरचा वारा तिला वेगवेगळ्या बाजूंना ओढत असतो. अशीच रेघ हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या वेळी आपण ओढू शकलो तर? उच्च वातावरणाच्या अभ्यासातला एक अतिशय सुंदर प्रयोगप्रकार या कल्पनेतून जन्माला आला.

रेघ कशाने ओढायची, याचे उत्तरही आकाशातच होते. अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेचे व्हेस्टो स्लायफर यांनी १९२९ साली रात्रीच्या आकाशाच्या प्रकाशात सोडियमची पिवळी रेषा नोंदवली होती. हे सोडियम सुमारे ९० किलोमीटर उंचीवर पातळ थरात पसरलेले असते आणि ते मुख्यतः जळणाऱ्या उल्कांमधून येते, हे पुढे कळले. थर अगदी विरळ असूनही तो ओळखता येतो, कारण सोडियमच्या अणूचा एक विशेष गुण. ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश हा अणू मोठ्या हावरेपणाने शोषतो आणि लगेच तसाच परत फेकतो. भौतिकशास्त्रात याला अनुस्पंदी प्रकीर्णन म्हणतात. सूर्यप्रकाशात तरंगणारा सोडियमचा प्रत्येक अणू हा खेळ पुन्हा पुन्हा खेळत राहतो. म्हणून दोन-तीन किलो सोडियमची वाफ आकाशात विखुरली, तर ती शेकडो किलोमीटर दूरच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसते. महामार्गांवरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा रंग तोच हा.

आयरिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बेट्स यांनी १९५० साली एका छोट्या लेखात सुचवले की, अग्निबाणातून सोडियम वर नेऊन सोडावे आणि त्याचे काय होते ते जमिनीवरून पाहावे. त्यांचा हेतू वारा मोजण्याचा नव्हता. नैसर्गिक सोडियमच्या थराची रसायनक्रिया उलगडावी, एवढेच त्यांना हवे होते. पाचेक वर्षांनी अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटावर एरोबी जातीच्या अग्निबाणातून पहिला कृत्रिम सोडियम मेघ सोडला गेला. रसायनाच्या प्रश्नासाठी सोडलेला हा मेघ वाऱ्याबरोबर वाहत गेला, आणि या विषयाचे पुढचे सगळे आयुष्य त्या वाहण्याभोवती गुंफले गेले.

त्याच वाळवंटावर मार्च १९५६ मध्ये आणखी एक धाडसी प्रयोग झाला. या वेळी सोडियम नव्हते आणि सूर्यप्रकाशही नव्हता. मध्यरात्रीनंतर शंभरहून थोड्या अधिक किलोमीटर उंचीवर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडण्यात आला आणि काळ्याकुट्ट आकाशात एक तेजस्वी डाग उमटून पसरू लागला. या उंचीवर दिवसा सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनच्या रेणूंचे तुकडे करतात. रात्री हे सुटे अणू पुन्हा जोडले जाण्याची वाट पाहत असतात, पण हवा इतकी विरळ की त्यांची गाठच लवकर पडत नाही. नायट्रिक ऑक्साइडने ही जुळणी घडवून आणली आणि दिवसा साठलेली सूर्याची ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडली. ऑक्सिजनचे सुटे अणू तिथे मोठ्या संख्येने आहेत, याचा इतका डोळ्यांदेखतचा पुरावा त्याआधी मिळाला नव्हता.

सोडियमच्या प्रयोगाला मात्र एक अट होती, आणि ती भूमितीची होती. मेघावर ऊन पडले पाहिजे, पण पाहणारा अंधारात हवा. आकाश उजळ असले तर ती पिवळी रेघ त्यात हरवून जाते. ही स्थिती दिवसातून दोनदाच जुळते, पहाटे सूर्योदयापूर्वी आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की पृथ्वीची सावली डोक्यावर सुमारे ३५ किलोमीटर उंचीपर्यंत चढलेली असते. ९ अंशांना ती ८० किलोमीटरपर्यंत पोचते, १२ अंशांना सुमारे १४० पर्यंत. म्हणजे ८० किलोमीटरपासून वरची संपूर्ण रेघ उन्हात दिसायला हवी असेल, तर सूर्य ६ ते ९ अंश खाली असतानाच अग्निबाण उडायला हवा. उत्तरेकडच्या देशांत संधिप्रकाश रेंगाळतो, त्यामुळे तिथे थोडी सवड मिळते. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो आणि ही संधी १२-१५ मिनिटांत निसटते. तेवढ्यात यंत्रे तयार हवीत, छायाचित्रणाच्या प्रत्येक ठिकाणी आकाश निरभ्र हवे, आणि चंद्र आड येता कामा नये. कातरवेळेची ती मोजकी मिनिटे हुकली की प्रयोग दुसऱ्या दिवशी.

यंत्रसामग्री त्या मानाने साधी होती. अग्निबाणाच्या टोकाशी एका डब्यात लोहाचे ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम यांचे मिश्रण भरलेले असे. रेल्वेचे रूळ जोडण्यासाठी जे मिश्रण पेटवतात, त्याच जातीचे. त्यात सोडियम मिसळलेले असे. ठरलेल्या उंचीवर मिश्रण पेटले की प्रचंड उष्णतेने सोडियमची वाफ होऊन ती छिद्रांतून बाहेर पडू लागते आणि वर जाणाऱ्या अग्निबाणामागे रेघ उमटत जाते. जमिनीवर एकमेकांपासून पन्नास-शंभर किलोमीटर किंवा त्याहून दूर अशा तीन-चार ठिकाणी कॅमेरे ठेवलेले असतात आणि ते ठरल्या वेळी एकदमच छायाचित्रे टिपतात. प्रत्येक छायाचित्रात रेघेमागे तारेही उमटतात. ताऱ्यांच्या जागा पक्क्या ठाऊक असल्याने रेघेवरचा प्रत्येक बिंदू कोणत्या दिशेला आहे ते काढता येते, आणि दोन ठिकाणांवरून काढलेल्या दिशा जिथे मिळतात तिथे तो बिंदू. जमीनमोजणीचे जुने त्रिकोणमापनच हे, फक्त त्रिकोणाचे टोक शंभर किलोमीटर वर. पुढच्या छायाचित्रात तोच बिंदू किती सरकला ते मोजले की त्या उंचीवरचा वारा हाती येतो. रेघेची जाडी कशी वाढत गेली यावरून हवेतील विसरणाचा वेग कळतो, आणि विसरणावरून हवेची घनता.

१९५९ साली हा प्रयोग एकाच वेळी अनेक ठिकाणी पसरला. नव्याने स्थापन झालेल्या नासाने ऑगस्टपासून व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील वॉलॉप्स बेटावरून सोडियमचे अग्निबाण सोडायला सुरुवात केली. त्याआधी ३ जानेवारीला सोव्हिएत संघाच्या लुना १ या चंद्रयानाने पृथ्वीपासून एक लाख किलोमीटरहून अधिक अंतरावर एक किलो सोडियम सोडले होते. हिंद महासागरावरच्या आकाशात काही मिनिटे तो नारिंगी ठिपका सहाव्या प्रतीच्या ताऱ्याइतका, म्हणजे नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसेल इतका उजळला, आणि कॉकेशसमधील किस्लोवोद्स्क इथल्या वेधशाळेने त्याचे छायाचित्र टिपले. यान खरोखर कुठे आहे हे डोळ्यांनी पटवण्याचा तो मार्ग होता. तिथे वारा नव्हताच.

या विषयाला खरी खोली दिली ती फ्रान्सच्या झाक ब्लामाँ यांनी. अणूंकडून प्रकाशाचे शोषण आणि उत्सर्जन कसे होते याच्या अभ्यासात पारंगत असलेल्या आल्फ्रेड कास्तलर यांच्या हाताखाली ते तयार झाले होते. कास्तलर यांना याच क्षेत्रातल्या कामासाठी १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मार्च १९५९ मध्ये ब्लामाँ यांनी अल्जीरियाच्या सहारा वाळवंटातील अमागीर तळावरून व्हेरोनिक अग्निबाणांद्वारे सोडियम वर पाठवले. दुसऱ्या महायुद्धात व्ही-२ क्षेपणास्त्र बनवणाऱ्या जर्मन अभियंत्यांपैकी काही जण युद्धानंतर फ्रान्ससाठी काम करू लागले होते, आणि व्हेरोनिक त्यांच्याच अनुभवातून घडला होता. ब्लामाँ यांनी मेघाच्या प्रकाशातील पिवळ्या रेषेची रुंदीही मोजली. अणू जितके तापलेले, तितकी त्यांची धावपळ जास्त आणि तितकी रेषा रुंद. अशा रीतीने शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवरचे तापमान त्यांना जमिनीवर बसून मोजता आले.

सहाराच्या आकाशातल्या या रेघांनी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. सुमारे १०० ते ११० किलोमीटरच्या खाली रेघ गाठी-गाठींची, फुगीर, विस्कटलेली दिसे. त्याच्या वर तीच रेघ एकदम गुळगुळीत होई आणि हळूहळू रुंदावत जाई. देवघरातल्या उदबत्तीचा धूर आधी सरळ जातो आणि वर गेल्यावर विस्कटतो. आकाशात नेमके उलटे घडत होते, आणि तेही एका ठरावीक उंचीवर. त्या उंचीच्या खाली हवेत संक्षोभ असतो. तो सगळे वायू घुसळून टाकतो, म्हणून जमिनीपासून इथपर्यंत नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहते. त्यावर घुसळण थांबते आणि प्रत्येक वायू आपापल्या वजनानुसार वेगळा होऊ लागतो, जड खाली आणि हलका वर. वातावरणातील ही सीमा सिद्धांतात गृहीत धरली जात होती. सोडियमच्या रेघेने ती डोळ्यांना दाखवली, आणि तिचे छायाचित्र पाहिलेल्या माणसाला मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या साऱ्या प्रयोगमालेतले सर्वांत मोलाचे फळ हेच म्हटले पाहिजे.

अमेरिकेच्या हवाई दलाच्या केंब्रिज संशोधन प्रयोगशाळेने १९६० पासून फायरफ्लाय, म्हणजे काजवा, या नावाने फ्लोरिडातील एग्लिन तळावरून मोठी मोहीम चालवली. सीझियमपासून अनेक पदार्थ तिथे आकाशात सोडून पाहिले गेले. सैन्याला आयनांबरात रस होता तो रेडिओ संदेशवहन आणि क्षेपणास्त्रांमुळे. पण शास्त्राच्या दृष्टीने या काळातली मोठी कमाई म्हणजे ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम. हा द्रव साध्या हवेत आला की आपोआप पेट घेतो, म्हणून तो हाताळणे जोखमीचे. उच्च वातावरणात सोडला की तिथल्या ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते आणि तो स्वतःच्याच फिक्या निळसर-पांढऱ्या प्रकाशाने चमकतो. त्याला सूर्याची गरज नाही. सोडियमने फक्त कातरवेळेचा वारा दाखवला होता, आता रात्रीच्या कोणत्याही प्रहरी वारा मोजता येऊ लागला आणि एकाच रात्री तासातासाने रेघा ओढून वारा कसा फिरतो तेही पाहता आले. या पदार्थाची एक विलक्षण वाहतूक कॅरिबियनमधील बार्बाडोस बेटावर झाली. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाच्या जेराल्ड बुल यांनी तिथे नौदलाच्या जुन्या १६ इंची तोफा बसवल्या होत्या. तोफेतून उडवलेले मार्टलेट नावाचे बाणासारखे गोळे उच्च वातावरणात पोचत आणि अग्निबाणाच्या मानाने फारच थोड्या खर्चात चमकती रेघ ओढत.

खर्च आणि साधेपणा यांमुळेच नवख्या देशांनी या प्रयोगाला जवळ केले. वर गेलेल्या यंत्राशी रेडिओ संपर्क ठेवावा लागत नाही, इलेक्ट्रॉनिक उपकरणे लागत नाहीत, मिळालेली माहिती जमिनीवर पाठवण्याची व्यवस्था लागत नाही. प्रक्षेपण नीट झाले आणि कॅमेरे चालले की प्रयोग यशस्वी. इटलीने १९६१ मध्ये सार्डिनियातून सोडियम सोडले. ७ जून १९६२ रोजी पाकिस्तानने कराचीच्या पश्चिमेला सोनमियानीहून रहबर-१ हा आपला पहिला अग्निबाण उडवला, त्याच्या टोकातही सोडियमच होते.

भारताचा अंतराळ कार्यक्रमही याच पिवळ्या रेघेने सुरू झाला. १९६२ मध्ये विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली. प्रक्षेपणाच्या जागेसाठी त्यांचे लक्ष दक्षिण टोकाकडे होते, कारण भारताचे दक्षिण टोक चुंबकीय विषुववृत्ताखाली येते. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा जमिनीला समांतर असतात आणि सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर दिवसा पूर्वेकडे वाहणारा एक विद्युतप्रवाह असतो. त्याला विषुववृत्तीय विद्युतझोत म्हणतात. जगात फार थोड्या ठिकाणांहून त्याच्या आत अग्निबाण सोडता येतो. केरळच्या किनाऱ्यावर फिरून जागांची पाहणी करण्याचे काम मुख्यतः एकनाथ चिटणीस यांनी केले. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. त्यांच्या पाहणीतून तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडले गेले. तिथले सेंट मेरी मॅग्डालीन चर्च आणि आसपासची जमीन बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या संमतीने आणि गावकऱ्यांच्या सहकार्याने मिळाली. चर्चच्या इमारतीत कार्यालय आणि जुळणीची जागा थाटली गेली.

अग्निबाण अमेरिकेचा होता. नासाने नाइके-अपाची हा दोन टप्प्यांचा अग्निबाण दिला होता आणि भारतीय अभियंत्यांना वॉलॉप्स इथे प्रशिक्षणही दिले होते. सोडियमची पेटी फ्रान्सची होती, ब्लामाँ यांच्या गटाची. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे प्रफुल्ल भावसार यांच्याकडे वैज्ञानिक बाजूची धुरा होती. अग्निबाणाची जुळणी आणि सुरक्षितता पाहणाऱ्या तरुण अभियंत्याचे नाव ए. पी. जे. अब्दुल कलाम. मराठीत ‘अग्निपंख’ या नावाने घरोघर पोचलेल्या आत्मचरित्रात त्यांनी त्या संध्याकाळचा प्रसंग सांगितला आहे. अग्निबाण प्रक्षेपकावर चढवताना हाताने चालवण्याची हायड्रॉलिक क्रेन गळू लागली आणि अग्निबाण कलू लागला. दुरुस्तीला वेळ नव्हता. शेवटी जमलेल्या माणसांनी अंगबळानेच तो उचलून जागेवर बसवला. संधिप्रकाशाचे गणित ठाऊक असलेल्याला या घाईचे कारण लगेच कळते. अर्धा तास उशीर झाला असता, तर पृथ्वीची सावली रेघेचा बराचसा भाग गिळून बसली असती.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी अग्निबाण सुटला. सूर्यास्त होऊन साधारण पंचवीस मिनिटे झाली होती, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली सुमारे ६ अंश, नेमका हवा तिथे. काही मिनिटांतच पश्चिम किनाऱ्यावरच्या गडद होत चाललेल्या आकाशात एक नारिंगी-पिवळी रेघ वर चढत गेली. तिचे वेटोळे होत होत मेघ बनला आणि तो केरळातून तसाच त्या वेळच्या मद्रास राज्यातूनही लोकांनी पाहिला. दूरदूरच्या ठिकाणी मांडलेल्या कॅमेऱ्यांनी तो टिपला. चुंबकीय विषुववृत्तावरच्या उच्च वातावरणातील वाऱ्याचे मोजमाप भारतीय भूमीवरून सुरू झाले. देशाचा पहिला अग्निबाण काही गुपचूप संदेश पाठवणारा नव्हता. त्याने मिळवलेली माहिती शेतातून घरी परतणाऱ्या माणसाच्याही डोळ्यांसमोर आकाशात मांडलेली होती, आणि विज्ञानाच्या इतिहासात असे क्वचितच घडते. पुढे थुंब्याहून सोडियमचे आणखी अग्निबाण गेले आणि वाफ सोडणाऱ्या पेट्या अहमदाबादलाच तयार होऊ लागल्या. २ फेब्रुवारी १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी थुंब्याचा तळ संयुक्त राष्ट्रसंघाला अर्पण केला. ब्लामाँ यांना भारताने २०१५ साली पद्मश्री दिली.

सोडियम आणि ॲल्युमिनियमच्या रेघा उदासीन हवेची चाल दाखवतात. पण या उंचीवर हवेचा काही अंश विद्युतभारित असतो आणि त्याच्या हालचालीवर चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रांची सत्ता चालते. ती दाखवणारा पदार्थ जर्मन शास्त्रज्ञांनी शोधला आणि त्यामागे धूमकेतूंची प्रेरणा होती. लुडविग बियरमान यांनी १९५१ मध्ये धूमकेतूंच्या शेपटांवरून असा तर्क मांडला होता की, सूर्याकडून कणांचा झोत, म्हणजेच सौरवारा, अखंड वाहत असतो. मग कृत्रिम धूमकेतूच का बनवू नये, असा विचार पुढे आला आणि म्युनिकजवळच्या गार्शिंग इथे राइमार ल्युस्ट यांच्या मॅक्स प्लांक संस्थेने त्याला हात घातला. सूर्यप्रकाशात पटकन विद्युतभारित होणारा आणि दोन्ही अवस्थांत डोळ्यांना दिसणारा धातू हवा होता. बेरियम त्या कसोटीला उतरला. तांब्याच्या ऑक्साइडबरोबर पेटवल्यावर बेरियमची वाफ सुटते. ती आधी हिरवट दिसते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तिच्यातील बरेच अणू एकेक इलेक्ट्रॉन गमावून जांभळे होतात. हिरवा मेघ गोल फुगत वाऱ्याबरोबर वाहतो. जांभळा मेघ मात्र चुंबकीय रेषांना धरून लांबट होतो आणि विद्युत क्षेत्र नेईल तिकडे सरकतो. एकाच स्फोटातून निघालेले हे दोन मेघ एकमेकांपासून वेगळे होताना दिसतात. पहिल्यावरून वारा मोजायचा आणि दुसऱ्यावरून विद्युत क्षेत्र.

सहारातल्या पहिल्या चाचण्यांनंतर हे प्रयोग स्वीडनमधील किरूना इथे ध्रुवीय प्रकाशाखाली झाले, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात थुंब्यालाही. किरूनात चुंबकीय रेषा जवळजवळ उभ्या असतात, म्हणून जांभळा मेघ खांबासारखा उभा ताणला जाई. थुंब्यावर तोच मेघ दक्षिणोत्तर आडवा पसरे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कुठे कसे वळते, हे शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीतून नव्हे तर प्रत्यक्ष आकाशात पाहायला मिळत होते.

कृत्रिम धूमकेतूचे मूळ स्वप्न पुरे व्हायला आणखी वीस वर्षे लागली. १९६९ च्या मार्चमध्ये युरोपच्या हेऑस-१ उपग्रहातून सुमारे ७५ हजार किलोमीटर अंतरावर बेरियम सोडले गेले. जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन यांनी मिळून ऑगस्ट १९८४ मध्ये तीन उपग्रह सोडले. सप्टेंबरमध्ये त्यांतल्या जर्मन उपग्रहाने पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेर सौरवाऱ्यात लिथियम सोडले, आणि २७ डिसेंबरला एक लाखाहून अधिक किलोमीटर अंतरावर बेरियमचा मेघ. काही मिनिटे त्याला शेपूट फुटलेले प्रशांत महासागरावर उडणाऱ्या विमानांतून पाहता आले. बियरमान तेव्हा हयात होते. अमेरिकेने १९९० मध्ये सोडलेल्या सीआरआरईएस या उपग्रहातून पुढच्या वर्षभरात असेच अनेक मेघ सोडले गेले.

रसायने सोडल्याने आयनांबराला भोकही पडू शकते, हे मात्र ठरवून केलेल्या प्रयोगात आधी दिसले नाही. १४ मे १९७३ रोजी स्कायलॅब हे अंतराळस्थानक घेऊन जाणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या इंजिनांतून निघालेल्या पाण्याच्या वाफेने आणि हायड्रोजनने शेकडो किलोमीटर टापूतले इलेक्ट्रॉन गिळून टाकले आणि ती पोकळी काही तास टिकली. त्यानंतर मुद्दाम वाफ सोडून पोकळी करण्याचे प्रयोगही झाले.

या सगळ्या रेघांनी जमवलेली माहिती एकत्र पाहण्याचे काम अमेरिकेतील मिगेल लार्सन यांनी केले. चार दशकांतल्या चारशेहून अधिक वाऱ्यांच्या नोंदी त्यांनी २००२ मध्ये तपासल्या. सिद्धांत आणि संगणकी प्रतिमाने सांगत होती त्याच्यापेक्षा वारे कितीतरी जोरदार निघाले. १०० ते ११० किलोमीटरच्या पट्ट्यात सेकंदाला शंभर मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर, हा वेग अपवाद नसून नेहमीचा होता. शिवाय उंची चार-पाच किलोमीटरने बदलली की वाऱ्याची दिशा पार उलटत होती. अशा ठिकाणी वारा उल्कांच्या धातूंचे आयन चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने एका पातळ थरात दाबून धरतो. उन्हाळ्यात दूरच्या देशांची रेडिओ केंद्रे मध्येच स्पष्ट ऐकू येतात, त्याला हाच थर कारणीभूत असतो.

२७ मार्च २०१२ रोजी नासाने या जोरदार वाऱ्यांचा माग काढण्यासाठी वॉलॉप्सवरून सुमारे पाच मिनिटांत पाच अग्निबाण सोडले आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर ट्रायमिथाइल ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या रेघा एकमेकींशेजारी उमटल्या. वारा एका जागी नव्हे, तर शेकडो किलोमीटर पसरलेल्या पट्ट्यात कसा वळतो हे त्यातून पाहायचे होते. जपानने लाल रंगाने चमकणारे लिथियम निवडले. २००७ मध्ये उचिनोउरा तळावरून त्यांनी ते संध्याकाळच्या उन्हात वापरले आणि जुलै २०१३ मध्ये चंद्रप्रकाशातही. सूर्याच्या मानाने लाखो पटींनी मंद अशा प्रकाशात लिथियमचा मेघ टिपण्यासाठी त्यांनी विमानातून कॅमेरे लावले होते. त्याच महिन्यात वॉलॉप्सवर भरदिवसा लिथियम सोडून नेमक्या गाळण्यांतून तो पाहण्याचा प्रयत्न झाला. एप्रिल २०१९ मध्ये नॉर्वेच्या आंडोयाहून दोन अग्निबाणांनी ध्रुवीय प्रकाशाच्या हिरव्या पडद्यात निळे-जांभळे ठिपके उमटवले. ते पाहून घाबरलेल्यांची संख्याही थोडी नव्हती.

तंत्र आता बदलले आहे. २९ जून २०१७ रोजी पहाटे वॉलॉप्सवरून गेलेल्या अग्निबाणाने रसायनांच्या दहा कुप्या स्वतःपासून बऱ्याच किलोमीटर दूर फेकल्या, त्यामुळे मेघ एका रेघेवर न उमटता मोठ्या टापूत पसरले. न्यूयॉर्कपासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत लोकांनी ते निळे-हिरवे आणि लाल मेघ पाहिले. हे उड्डाण मे महिन्याच्या अखेरीपासून पुन्हा पुन्हा पुढे ढकलले गेले होते. बहुतेक वेळा अडचण एकच होती. वॉलॉप्स आणि दक्षिणेकडचे डक, या दोन्ही कॅमेऱ्यांच्या ठिकाणी एकाच पहाटे आकाश निरभ्र मिळत नव्हते.